सरांचा आडोसा आणि टाकणखाराच्या लाह्या

नागपूरहून पांढुर्णा काही लांब नाही. सकाळच्या गाडीनं निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला तिथे पोचतो. मला दोन दिवस लागले, कारण मी सौंसरवरून गेलो. आणि सौंसरवरून गेलो, कारण मला ज्यांनी पत्ता कळवला त्यांचं पत्र मी एकाच बाजूनं वाचलं होतं. लोक हिमालयात जाऊन येतात आणि पुस्तकं लिहितात. मी तालुक्याच्या दोन गावांना जाऊन आलो आणि तेवढ्यातही वाट चुकलो, तेव्हा लिहिण्याचा हक्क मलाही असावा असं वाटतं.

आधी मी कोण ते सांगतो. नागपूरच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञानाचा प्रयोगसहायक. मूळचा पुण्याचा. नोकरीसाठी आलो तेव्हा नागपूर एका राज्याची राजधानी होतं. चार वर्षांत राज्यांची फेररचना झाली आणि मी जागचा न हलता मुंबई राज्यात गेलो. आयुष्यात बिनचूक पार पडलेला माझा हा एकच प्रवास, कारण त्यात मला काहीच करायचं नव्हतं.

आमचे सर मार्चमध्ये निवृत्त होणार होते. पाच वर्षं अर्ज करून करून त्यांनी एक अंगठ्याएवढी पितळी कुपी मिळवली होती. तिच्यातून न्यूट्रॉन बाहेर पडतात. हा न्यूट्रॉन मोठा बेमुर्वत प्राणी. क्ष-किरणांपुढे शिशाचा पत्रा उभा केला की भागतं, पण न्यूट्रॉन शिशाला जुमानत नाही. त्याला दमवायचं तर मेणासारख्या, पाण्यासारख्या, हायड्रोजननं भरलेल्या वस्तूतून पळवावं लागतं. आणि दमलेल्याला गिळून टाकायला बोरॉन लागतं, ते टाकणखारात असतं. सोनार डाग देताना वापरतो तोच टाकणखार. म्हणजे कुपीभोवती मेणाची जाड भिंत, आणि भिंतीच्या बाहेरून टाकणखार मिसळलेल्या लाखेच्या बारा फरशा, असा आडोसा सरांनी कागदावर काढला होता. आडोशाच्या मागे बसून प्रयोग करायचा. आडोसा नसेल, तर न्यूट्रॉन सरांच्या अंगातून जाणार.

मेणाची भिंत ओतायला अक्कल लागत नाही, म्हणून ती मला जमली. फरशा जमेनात. लाख पातळ करून तिच्यात टाकणखार टाकला की ती दुधासारखी वर यायची, उतू जायची, आणि थंड झाल्यावर खाली सगळा टाकणखार बसलेला, वर नुसती लाख, मध्ये भोकंच भोकं. सातवी फरशी सरांनी उजेडाकडे धरली आणि म्हणाले, "अनारसा चांगला झालाय."

मग म्हणाले, "येत्या सोमवारी मी कुपी उघडणार. आडोसा झाला तर बरं. नाही झाला तरी उघडणार. मार्चनंतर मला इथे कोण येऊ देणार आहे? आणि या वयात माझं आता काय व्हायचं राहिलंय?"

सर विधुर. मूलबाळ नाही. नागपुरातली माझी पहिली दिवाळी त्यांच्या घरी झाली, त्यांनी स्वतः चकल्या केल्या होत्या आणि त्या फार वाईट होत्या. मला त्या माणसाबद्दल काय वाटतं ते मी त्यांना कधी सांगितलेलं नाही. फरशा माझ्या हातून बिघडत होत्या आणि त्याची भरपाई ते स्वतःच्या अंगानं करायला निघाले होते.

सौंसर

वानखेडे मास्तर माझे कॉलेजच्या दिवसांतले सोबती, आता सौंसरच्या शाळेत शिकवतात. लाखेत पूड मिसळणारं कोणी ओळखीचं आहे का, असं मी त्यांना लिहिलं होतं. उत्तर आलं: लाखेच्या बांगड्या करणारी भागाबाई, सौंसरच्या बाजारात बसते, तिच्यासारखा हात पंचक्रोशीत नाही. मी तेवढ्यावर उठलो. आठ शेर टाकणखाराचा डबा घेतला, बिघडलेली एक फरशी नमुन्यादाखल धोतरात गुंडाळली आणि बुधवारी सकाळी सौंसरची मोटर धरली.

ड्रायव्हरशेजारची जागा मिळाली म्हणून मी खूश होतो. गाठोडं इंजिनावरच्या झाकणावर ठेवलं. लाख गरम झाली की मऊ होते हे मी प्रयोगवहीत दहा वेळा लिहिलेलं होतं. प्रयोगवही नागपूरला होती. तासाभरानं मागच्या बाकावरून एक बाई म्हणाल्या, "बाबूजी, तुमचं गाठोडं रडून राहिलं." पाहतो तर धोतरातून लालसर धार झाकणावर उतरलेली आणि धोतर, फरशी, मोटर हे सगळं एक झालेलं. ड्रायव्हरनं गाडी थांबवून पान्हा आणि पट्टी घेऊन ते खरवडलं. एक शब्द वावगा बोलला नाही. पुण्यात या प्रसंगावर निदान तीन जणांनी मला सुनावलं असतं. इथे एका म्हाताऱ्यानं मला संत्रं सोलून दिलं आणि म्हणाला, "खा जी. होते असं." मला ते सुनावण्यापेक्षा जास्त लागलं.

मास्तर अड्ड्यावर उभेच होते. माझ्या हातातलं लाखेचं धोतर पाहून त्यांनी काही विचारलं नाही, इतकी त्यांची माझी जुनी ओळख. मी म्हटलं, "चला, आधी भागाबाई."

"भागाबाई दिवाळीपासून पांढुर्ण्याले हाये."

"मग तुम्ही कळवलं का नाही?"

"कळवलं न बाप्पा. पान उलटून पाह्यलं का?"

मी खिशातून पत्र काढलं आणि उलटलं. मागच्या बाजूला ठळक अक्षरांत पांढुर्ण्याचा सगळा पत्ता होता, आणि खाली ‘थेट रेल्वेनेच जाणे’ असं अधोरेखित. मास्तर हसता हसता खोकायला लागले.

पांढुर्ण्याची मोटर दुसऱ्या दिवशी होती. मास्तरांचं शेत बोरगावला, तिथे आम्ही दुपारी गेलो. एका बाजूला कापसाची वेचणी चाललेली, दुसऱ्या बाजूला संत्र्याची झाडं टेकू देऊन उभी केलेली. आमच्याकडे संत्रं पाहुण्याला चार फोडी करून बशीत देतात. इथे मास्तरांनी मला झाडाखाली बसवलं आणि "खाय" म्हणून निघून गेले. मी अकरा खाल्ली. संध्याकाळी गोळाभात आणि ठेचा समोर आला. मी भूक नाही म्हटलं तर त्यांच्या घरचे लोक काळजीत पडले, म्हणून तेही खाल्लं. रात्रीचं वर्णन करत नाही.

मास्तरांच्या ओसरीवर नव्या राज्याच्या गोष्टी निघाल्या. मी सहानुभूतीच्या सुरात म्हटलं की, तुम्ही मंडळी मराठी बोलणारी आणि तिकडे भोपाळच्या राज्यात राहिलात, फार वाईट झालं.

मास्तर म्हणाले, "राजधानी गेली न, पन राज्याचं नाव आमच्यापाशीच ठेवून गेली. पयले आम्ही नागपूरकडं पाहत होतो, आता भोपाळकडं पाहून राहिलो. मान तेवढी फिरवा लागते." मग म्हणाले, "पोरं मात्र इचारतात, गुर्जी, आता पुस्तक कोनत्या भाषेचं येईन? त्याचं उत्तर मले अजून देता नाही आलं." माझी सहानुभूती तिथेच संपली.

पांढुर्णा

गुरुवारी मास्तर शाळेतून रजा घेऊन माझ्याबरोबर आले. मी एकटा गेलो तर बैतूलला पोचेन असं त्यांना वाटलं असावं. उतरण्याची सोय त्यांच्या बहिणीकडे होती आणि भागाबाईचं घर दोनच दारं सोडून.

भागाबाई पन्नाशीच्या, ठेंगण्या, कोपरापर्यंत बांगड्या. पुढ्यात निखाऱ्यांची शेगडी आणि लाकडी पाट. काडीच्या टोकाला लाखेचा गोळा, तो निखाऱ्यावर फिरवायचा, मऊ झाला की पांढऱ्या दगडाची पूड भुरभुरवायची, ओढायचा, दुमडायचा, परत ओढायचा. नवरा बांगड्या घेऊन बाजार करत फिरतो, त्यामुळे घरात त्या एकट्याच असतात. मी धोतराला चिकटलेला माझा नमुना पुढे केला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला.

"हे काय करून राहिले होते जी तुम्ही? लाख होती का जिलबी?"

मी कृती सांगितली. पातळ करायची, पूड टाकायची, साच्यात ओतायची.

"लाख कोनी ओतते का? ओतली त पूड बसनच खाली. लाख मळा लागते. कनकेवानी." त्यांनी हातातला गोळा तोडून मला दाखवला. आतून बाहेरून सारखा, कुठे पांढरा ठिपका नाही. ज्यासाठी मी दोन महिने इंग्रजी पुस्तकं चाळली होती ते माझ्यासमोर काडीच्या टोकाला होतं.

"पन हे पाह्यजे कायले?"

मी न्यूट्रॉन समजावून सांगायला लागलो. अणूपासून सुरुवात केली. मास्तर जांभया द्यायला लागले. शेवटी भागाबाईंनीच मला थांबवलं. "म्हंजे आमच्या गोटमारीवानीच न? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या तिकडून सावरगाववाले दगड मारतात, इकडून आम्ही. भितीवर दगड बसला त तसाच्या तसा वापस येते. कापसाच्या गंजीत गेला त गेला. आवाज बी येत नाही." मला वर्गात सांगायला याहून चांगलं उदाहरण आजतागायत सापडलेलं नाही. मी ते दर वर्षी सांगतो आणि माझं म्हणून सांगतो.

"अन् दगड कोनाले लागनार हाये?"

मी सरांचं सांगितलं. सोमवारचंही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं. "मातारे हायेत का? घरी त्याईले बोलनारं कोनी नाही का?"

"नाही."

"ठेवून जा डबा. सकाळी या."

शुक्रवारी सकाळी मी गेलो तेव्हा अंगणात दोन पराती पांढऱ्याशुभ्र लाह्यांनी भरलेल्या होत्या. मला वाटलं काही सणवार असेल. डबा पालथा पडलेला दिसला तेव्हा उजेड पडला. आठ शेर टाकणखार त्यांनी तव्यावर फुलवून टाकला होता.

"हे काय केलंत!" माझा आवाज मास्तरांच्या बहिणीच्या घरापर्यंत गेला.

त्या शांतपणे म्हणाल्या, "कच्चा सुहागा कोनी वापरते का जी? लेकराच्या तोंडाले मधात कालवून लावाचा असन तरी आधी फुलवा लागते. कच्चा घरात ठेवत बी नाही आम्ही. पहाटेपासून फुलवून राहिली मी."

इथे मी जे बोललो ते लिहायची लाज वाटते, पण लिहितो. मी म्हणालो की हे मोजूनमापून करायचं काम आहे, पोराच्या तोंडाला लावायचं औषध नाही. मी एम्.एस्सी. आहे हे सांगितलं. तुम्ही माझं वाटोळं केलंत असंही म्हणालो. आणि मग मी बाहीनं डोळे पुसायला लागलो, कारण माझं काही वाटोळं होणार नव्हतं, सोमवारी उघड्या कुपीसमोर सर बसणार होते.

"रडून राहिले का?"

"धूर गेला डोळ्यात."

"चूल त कवाची इझली," भागाबाई म्हणाल्या.

मी तिथून निघालो तो गावातल्या प्रत्येक सोनाराच्या दारात गेलो. कच्चा टाकणखार द्या. कोणी चिमूट दिली, कोणी नाही म्हटलं, एकानं मला कोणता दागिना डागायचा आहे असं विचारलं. जाम नदी ओलांडून सावरगावला गेलो. येताना पाणी कमी दिसलं म्हणून पुलाचा वळसा टाळला आणि चिखलात एक चप्पल गेली. दुसरी मी का जपून हातात घेऊन आलो ते मला आजही सांगता येणार नाही. दिवसभराची कमाई रुमालात बांधलेला मूठभर टाकणखार. बारा फरशांपैकी एकीचा कोपराही त्यात झाला नसता.

दुपार उतरताना अनवाणी परत आलो तर भागाबाई पाटाशी बसलेल्या. थोड्या लाह्या कुटून वस्त्रगाळ केलेल्या. लाखेचा मोठा गोळा शेगडीवर मऊ होत होता, त्या पूड भुरभुरवत होत्या, ओढत होत्या, दुमडत होत्या. लाख उतू जात नव्हती. फेस नव्हता. शेजारी एक फरशी तयार होऊन पडली होती.

"फोडून पाहा," त्या म्हणाल्या. अजून माझ्याकडे पाहत नव्हत्या.

मी ती पायरीवर आपटली. दोन तुकडे झाले. आतून एकसारखी, भोक नाही, थर नाही. मी तुकडा हातात घेऊन उभा राहिलो आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कच्च्या टाकणखारात वजनानं जवळजवळ निम्मं पाणीच असतं. हे मी चार वर्षं मुलांना फळ्यावर लिहून देत आलो होतो. गरम लाखेत पडलं की ते पाणी वाफ होऊन उसळायचं, म्हणून माझ्या फरशांचे अनारसे होत होते. फुलवलं की पाणी निघून जातं. आणि पाणी गेल्यावर उरलेल्या टाकणखारात शेरामागे बोरॉन जवळजवळ दुप्पट. भागाबाईंनी माझं वाटोळं केलं नव्हतं, मी सात वेळा केलेलं वाटोळं निस्तरलं होतं.

मी म्हणालो, "बाई, माझं चुकलं."

"हात धुवा अन् कुटा," त्या म्हणाल्या.

शनिवारचा सगळा दिवस मी कुटत होतो. मास्तर चाळत होते. भागाबाई मळत होत्या. मला एकदा मळू दिलं, पण गोळा माझ्या मनगटाला असा बसला की तेल लावून सोडवावा लागला. संध्याकाळी बारा फरशा ओळीनं उभ्या राहिल्या, आणि मी बांधायला घेणार तोच भागाबाई रंगाच्या लाखेच्या कांड्या घेऊन आल्या. प्रत्येक फरशीला लाल काठ, हिरवी वेल, मधोमध नखाएवढा आरसा.

"अहो, या प्रयोगशाळेत भिंतीला लागणार आहेत," मी म्हटलं.

"माह्या घरून बिनरंगाची लाख बाहेर जात नाही. बिनरंगाचं चांगलं नसते." आणि मग, "तिथं मानूस बसनार हाये न?"

आरशांना धक्का लागणार नाही अशा बेतानं मी फरशा बांधायला घेतल्या.

परत

रविवारी रेल्वेनं आलो. थेट. फरशा मांडीवर ठेवल्या होत्या आणि इंजिन पुष्कळ लांब होतं.

सोमवारी सकाळी मेणाच्या भिंतीबाहेर बारा फरशा लावल्या. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात एखाद्या नवरीची पेटी ठेवावी तसं ते दिसत होतं. सर आले, थबकले, त्यांनी चष्मा पुसला. मी लाजेनं खाली पाहत होतो. त्यांनी कुपी उघडली. आधी माझ्या जुन्या फरशीमागे मोजणीयंत्र धरलं, ते पत्र्यावर पाऊस पडावा तसं कटकटत राहिलं. मग भागाबाईंच्या फरशांमागे धरलं. एक टिक. बराच वेळ काही नाही. मग आणखी एक.

सरांनी खुर्ची ओढली आणि आडोशामागे बसले. एका आरशात त्यांचा चष्मा दिसत होता. "हा लाह्यांचा विचार तुला कसा सुचला?" त्यांनी विचारलं. त्या क्षणी खोटं बोलायचा मोह मला झाला, फार झाला. पण मी सगळं सांगितलं, चपलेसकट. सर इतके हसले की मोजणी पुन्हा करावी लागली. प्रयोगवहीत ‘आडोसा कोणी तयार केला’ या रकान्यात त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं: भागाबाई, पांढुर्णा.

त्या आठवड्यात मी भागाबाईंना पत्र लिहिलं, मास्तरांनी वाचून दाखवावं म्हणून. चार पानं लिहिली. क्षमा मागितली. मोजणीचे आकडे दिले, जुन्या फरशीचे आणि नव्या फरशीचे शेजारी शेजारी. पाणी गेल्यावर बोरॉनचं प्रमाण कसं वाढतं ते सोप्या भाषेत समजावलं. पत्र चांगलं उतरलं असं माझं मत होतं आणि पोस्टात टाकण्यापूर्वी मी ते स्वतःलाच दोनदा वाचून दाखवलं.

मास्तरांचं उत्तर आलं. या वेळी मी दोन्ही बाजू वाचल्या. पहिल्या बाजूला घरची खुशाली. मागे लिहिलं होतं: "भागाबाईला पत्र अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवलं. तिनं ते नीट ऐकलं. झाल्यावर म्हणाली, ‘थे सगळं ठीक हाये, पन सर बरे हायेत का थे कुठी लिवलं हाये?’ मी चारही पानं पुन्हा पाहिली. मला सापडलं नाही. तुम्हाला माहीत असल्यास कळवावे."

मी ते वाचून वर पाहिलं. सर समोर आडोशामागे बसले होते, वहीत काही लिहीत होते, मधूनच स्वतःशी गुणगुणत होते. लाल काठावरून त्यांचं टक्कल तेवढं दिसत होतं. मी पोस्टात गेलो, एक कार्ड घेतलं, आणि तिथेच उभ्यानं त्यावर एक ओळ लिहिली: सर बरे आहेत.